भयकथेचा सूर आणि आमचे विद्यार्थी



वसंत व्याख्यानमालेत अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली ती लोकांना शहाणे करण्यासाठी, घाबरविण्यासाठी नव्हे. त्यातून हे प्राज्ञपाठशाळेचे आणि विश्वकोशाचे गाव. तेव्हा येथे भुताखेतांच्या गोष्टींवर तासभर बोलणार म्हणून कोणी कपाळाला आठी घातली, तर मी त्यांस दोष देणार नाही. पण माझा विषय भुते हा नाही. भूत आहे की नाही हा वाद माझ्यापुरता निकालात निघालेला आहे. माझा विषय आहे भाषा. भयकथा वाचताना मुलांना लेखकाची शैली आणि त्याचा सूर ओळखावयास कसे शिकवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

शैलीवर प्रश्न आला की आमचा विद्यार्थी काय लिहितो, हे येथील शिक्षकमंडळींना सांगावयास नको. "लेखकाची शैली ओघवती, चित्रदर्शी व प्रसादपूर्ण आहे." हे वाक्य तो प्रवासवर्णनाला लावतो, आत्मचरित्राला लावतो आणि स्मशानातल्या गोष्टीलाही लावतो. गाइडाने त्याला तयार पोशाख शिवून दिला आहे. तो ज्याच्या-त्याच्या अंगावर घालावयाचा. या वाक्याला गुण देण्याचे आपण थांबविले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नुसते गुण कापून मुले शिकत नाहीत. त्यांच्या हाती दुसरे काही तरी द्यावे लागते.

ते देण्यास भयकथेसारखा प्रांत नाही. कारण अगदी साधे आहे. भावगीत वाचून "मन हेलावून गेले" असे विद्यार्थी खुशाल खोटे लिहू शकतो, आणि तुम्हांआम्हांस ते पकडता येत नाही. भीतीच्या बाबतीत लबाडी करणे कठीण जाते. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने रोमांच, स्वेद, वेपथू यांना सात्त्विक भाव म्हटले आहे. म्हणजे अंगावर आपोआप उमटणारी खूण. अंगावर काटा आला की नाही, हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते. मग त्याला विचारावयाचे, "कोणत्या शब्दावर आला? बोट ठेव." येथून शैलीचा अभ्यास सुरू होतो.

आता सूर म्हणजे काय? हा शब्द आपण गाण्यातून घेतला आणि घरोघर वापरला. "तो बोलला ते बरोबर होते, पण त्याचा सूर मला आवडला नाही," असे आपण म्हणतो. म्हणजे मजकूर एक आणि सूर दुसरा, हे कोणत्याही आजीबाईस कळते. वर्गात मात्र गोंधळ होतो. भयकथेचा सूर कोणता, असे विचारले की पन्नास मुले एका आवाजात "भीतिदायक" म्हणून मोकळी होतात. हे उत्तर चूक आहे. भीती वाटली ती तुम्हांला. तो परिणाम झाला. सांगणाऱ्याचा सूर शांत असेल, थट्टेचा असेल, चाचरता असेल, क्वचित प्रेमळसुद्धा असेल. उलट, सांगणाराच पहिल्या ओळीपासून भेदरून ओरडू लागला की ऐकणारा निर्धास्त होतो. सूर आणि परिणाम ह्यांत जे अंतर पडते त्या फटीतूनच भीती आत शिरते. एवढी एक गोष्ट मुलांच्या ध्यानी आली तरी वर्षाचे काम झाले असे मी समजतो.

हे व्याख्येने कळत नाही. करून पाहावे लागते. मी एक प्रसंग देतो. पहाटे गावच्या विहिरीच्या काठावर भरलेली घागर दिसली; माणूस दिसले नाही. एवढाच मजकूर. आता हाच प्रसंग निरनिराळ्या तोंडून लिहा, असे सांगावयाचे. एका मुलाने फौजदारी पंचनामा लिहिला: "पहाटे पाचचे सुमारास सार्वजनिक विहिरीचे काठावर तांब्याची एक घागर पाण्याने भरलेली मिळून आली. जवळपास इसम नव्हता." एका मुलीने आजी आणली: "अगं, घागर काठोकाठ भरलेली, चुंबळसुद्धा शेजारी नीट ठेवलेली, आणि बाई कुठं?" तिसऱ्याने एक फुशारक्या मारणारा गडी उभा केला: "आपण कुठं भितो! उचलली घागर, आणली घरी. तेव्हापासून तिच्यातलं पाणी काही संपंना." तिन्ही वाचून झाल्यावर मते घेतली. सर्वांत भीती कशाची वाटली? पंचनाम्याची. मुलांनाच आश्चर्य वाटले. मग हळूहळू कारण निघाले: पंचनामा लिहिणारा भ्यालेला नाही, त्याला प्रश्नही पडलेला नाही. म्हणून तो प्रश्न आपल्याला पडतो. आजी स्वतःच विचारून टाकते, त्यामुळे आपला थोडा भार हलका होतो. आणि गड्याचे काय? त्याच्या फुशारकीवर आधी हसू आले आणि मग ते हसू घशात अडकले. त्यालाही बरीच मते पडली होती.

मराठी भाषेच्या ठेवणीतच भीतीची काही हत्यारे आहेत, आणि ती आपण व्याकरणाच्या तासाला शिकवूनही मुलांना कधी चालवून दाखवीत नाही. "दार उघडले" हे वाक्य घ्या. कोणी दार उघडले, की दार आपोआप उघडले? आपले क्रियापद दोन्हीकडे चालते, आणि कर्ता गाळला तरी वाक्य पुरे होते. लेखकाने कर्ता गाळला की क्षणभर वाचकाचा पाय अधांतरी राहतो. पुढे, "दार उघडले", "दार उघडत होते" आणि "दार उघडे होते" ह्या तिघांत फरक काय? पहिल्यात घटना घडली. दुसऱ्यात ती आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. तिसऱ्यात ती आपण येण्यापूर्वीच घडून गेली आहे, आणि जे आत यावयाचे ते आलेले आहे. मला विचाराल तर तिसऱ्याइतके भयंकर वाक्य नाही, आणि त्यात एकही भीतीचा शब्द नाही.

तसेच लिंगाचे. इतकी वेळ "ती" असलेली बाई एका वाक्यात "ते" होते. "ती जिन्यावरून खाली आली. ते दिव्याजवळ थांबले." बस्स. नपुंसकलिंगाचा असा उपयोग व्याकरणाच्या पुस्तकात सापडावयाचा नाही. गंमत अशी की, तान्ह्या मुलालाही आपण लाडाने "ते"च म्हणतो. म्हणजे एकच सर्वनाम पाळण्याजवळ एक काम करते आणि जिन्यावर दुसरे. आणि "म्हणे"! "त्या पिंपळावर म्हणे मुंजा आहे." हा दोन अक्षरांचा शब्द सगळी जबाबदारी अंगावरून झटकून टाकतो. सांगणारा साक्षीदार नाही, नुसता हमाल आहे. कोणाचे तरी ओझे त्याने आपल्यापर्यंत पोचविले. "की काय", "असावे", "जणू" ही त्याचीच भावंडे.

याच्या उलट विशेषणांची गोष्ट. भयाण, भेसूर, अक्राळविक्राळ, काळजाचा थरकाप उडविणारा. एखाद्या सामान्य गोष्टीतून अशी सर्व विशेषणे पेन्सिलीने खोडावयास सांगा आणि उरलेले मोठ्याने वाचा. भीती वाढली तर दोष कोणाचा, हे मुले न सांगता ओळखतात.

शास्त्राचा आधार थोडक्यात देतो, कारण तो लांबविला की वर्ग झोपतो. भरताने नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भयानकाचा रंग काळा, देवता काल. ओसाड घर, अरण्य, कोल्हा आणि घुबड यांचे ओरडणे ही त्याची सामग्री. पुढे इंग्लंडात ॲन रॅडक्लिफ या लेखिकेने असाच काहीसा भेद केला. तिचा लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झाला. येणार आहे या जाणिवेने मन ताणले जाणे हे एक, आणि आलेले पाहून आक्रसणे हे दुसरे, असे तिच्या म्हणण्याचे तात्पर्य. आमच्या मुलांना रक्तमांसाच्या वर्णनाने शिसारी येते आणि ती त्यालाच भीती म्हणतात. ही गाठ सोडविण्यास भरत अजूनही उपयोगी पडतो.

पण ही गाठ खरोखर कोठे पाहावयाची असेल तर ती शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका लेखकाकडे. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ साठे, आणि त्यांची कथा "स्मशानातील सोनं". अण्णाभाऊंना भयकथाकार कोणी म्हणणार नाही, आणि या कथेत भूत नाही. तरीही वर्गात भयकथा शिकविण्यास मी पहिली निवडतो ती हीच.

कथेचा नायक भीमा. वारणाकाठचा हा दांडगा गडी पोटासाठी मुंबईला गेला, उपनगरातल्या खाणीत दगड फोडू लागला. खाण बंद पडली. हात रिकामे झाले. अशात त्याला स्मशानाच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते, आणि त्याच्या ध्यानात येते की मेलेल्यांच्या अंगावर जिवंतांचे पोट भरण्याइतके काही असते. राख चाळता चाळता तो मढी उकरू लागतो. एका रात्री तो एका नव्या मढ्यासाठी जातो तर कोल्हे आधीच जमिनीला भिडलेले. माणूस आणि कोल्हे यांची एका प्रेतासाठी झुंज जुंपते. भीमा जिंकतो. मग प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या मेलेल्या दातांत अडकतात. पुढे दोन बोटे कापावी लागतात; आणि त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

वर्गात ही कथा एकदा सलग वाचून झाली की पाच मिनिटे कोणी बोलत नाही. ती पाच मिनिटे शिक्षकाने मोडू नयेत. मग विचारावे: सूर कोठे बदलला? कोल्ह्यांच्या झुंजीपर्यंत सांगणाऱ्याच्या आवाजात एक जोम आहे. अण्णाभाऊ शाहीर होते. ती झुंज पोवाड्याच्या अंगाने येते, आणि वाचणाराही नकळत भीमाच्या बाजूने बाह्या सरसावतो. म्हणजे येथे भयानकाच्या ऐन सामग्रीवर, कोल्हे, रात्र, स्मशान यांवर, वीराचा सूर चढविलेला आहे. आणि जेथे वीराचे काम संपले, केवळ सोने काढावयाचे राहिले, तेथे डोंगर फोडणारा हात एका प्रेताच्या जबड्यात अडकून बसतो. पोवाडा थांबतो. शिसारी आणि भीती एकमेकींना घासतात. मुलांनी त्या जागेवर खूण करावी. ती प्रत्येकाची त्याच ओळीवर येत नाही, आणि येऊ नये. पण आपली खूण त्याच ओळीवर का, हे शब्द दाखवून सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न: या कथेत भ्यावयाचे कोणाला? एकाने कोल्हे म्हटले, दुसऱ्याने प्रेत. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडीत नसे, म्हणाला, "सर, खाण बंद पडली त्याला." त्याचे वडील कारखान्याच्या हंगामापुरते कामाला जात. या उत्तराला कोणत्या गाइडात जागा आहे?

परदेशी कथांपैकी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याची "द मंकीज पॉ" ही १९०२ सालची गोष्ट उपयोगी पडते. माकडाचा एक वाळलेला पंजा, तीन इच्छा. म्हातारा बाप दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा यंत्रात सापडून मेल्याची बातमी येते आणि कंपनी नुकसानभरपाई म्हणून नेमके दोनशे पौंड देते. हा निरोप आणणाऱ्या कंपनीच्या माणसाचा सूर मुलांना मुद्दाम ऐकवावा. तो सभ्य आहे, ओशाळलेला आहे, आणि कंपनीवर जबाबदारी नाही हे सांगावयास चुकत नाही. मला तर शेवटी दारावर पडणाऱ्या थापांपेक्षा हे कचेरीचे सौजन्य अधिक भयंकर वाटते. आणखी एक मौज आहे. हा पंजा हिंदुस्थानातून आलेला, एका म्हाताऱ्या फकिराने मंतरलेला. इंग्रज वाचकाला फकीर म्हणजे दूरचे, गूढ काही. आमच्या मुलांना फकिराचे काही वाटत नाही. तो बाजाराच्या दिवशी दिसतो. म्हणजे लेखकाने भीतीसाठी जो सूर लावला तो येथे येईपर्यंत उतरला, आणि थापांचा मात्र उतरला नाही. असे का, यावर अर्धा तास चांगली चर्चा होते. नारायण धारप यांची "लुचाई" ही कादंबरी स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या "सालेम्स लॉट" वर बेतलेली आहे. अमेरिकन गावातले रक्तपिपासू मराठी मुलखात आणावयाचे तर क्रूसाच्या जागी काय ठेवाल, हा प्रश्न मोठ्या मुलांपुढे टाकून पाहा. रूपांतर म्हणजे शब्द बदलणे नव्हे, घर बदलणे आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगते.

धारपांविषयी आमच्या समीक्षकांनी बराच काळ नाक मुरडले. वाचनालयात फाटेपर्यंत वाचले जाणारे पुस्तक वर्गात न्यावयाचे नाही, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. २०१८ साली "तुंबाड" हा हिंदी चित्रपट आला आणि त्यामागे धारपांची एक कथा आहे असे कळले, तेव्हा कोठे काही प्राध्यापकांना हे नाव उच्चारण्याचा धीर झाला. असो. त्यांचे गद्य मुलांना दाखवावे ते त्याच्या साधेपणासाठी. विज्ञान शिकलेल्या माणसाचे गद्य. ते पाहिलेल्या गोष्टी क्रमाने मांडते आणि गडबड करीत नाही.

रत्नाकर मतकरी यांचा उपयोग वेगळ्या कारणाने होतो. "अलबत्या गलबत्या" या त्यांच्या बालनाट्यात चिंची चेटकीण आहे. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगविली आणि मुले हसून लोळली. याच लेखकाने "खेकडा" आणि "गहिरे पाणी" यांतल्या कथा लिहिल्या आणि मोठी माणसे दिवा चालू ठेवून झोपली. चेटकीण एकच, मग हसू कोठून येते आणि भीती कोठून? चिंची स्वतःच आपण किती वाईट आहोत हे गाजावाजा करून सांगते. कथांमध्ये मात्र कोणी काही सांगत नाही. मध्यमवर्गीय घर असते, चहा उकळत असतो, आणि घरातल्या माणसाच्या बोलण्यात एक शब्द जरा वेगळा पडतो.

आता आपल्या मनातल्या आक्षेपाकडे येतो. मघाशी एका सद्‌गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तुम्ही मुलांना भुतांच्या गोष्टी शिकवता?" प्रश्न रास्त आहे. ज्या माणसाने भोंदूपणाविरुद्ध आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ज्याचा खून झाला, त्याच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जावा हेच योग्य. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूतपिशाच्चांना बोलाविण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. पण कायदा येतो घबराट पसरल्यावर. घबराट पसरते ती शब्दांनी, आणि ते शब्द ओळखण्याचे शिक्षण वर्गाखेरीज कोठे मिळावयाचे?

एक उदाहरण देतो. पूर्वी पोस्टकार्डे येत, आता तोच मजकूर मोबाइलवर येतो: हा संदेश अकरा जणांना पाठवा, भले होईल; न पाठविल्यास वाईट होईल. मी असा एक संदेश फळ्यावर लिहिला आणि कथेचे करतो तेच त्याचे करावयास सांगितले. "एका व्यापाऱ्याने पत्र फाडले, आठ दिवसांत त्याचा मुलगा गेला." मुलांनी खुणा केल्या. व्यापाऱ्याला नाव नाही, गाव नाही. पण दिवस आठ आणि माणसे अकरा, म्हणजे आकडे मात्र नेमके. "गेला" याला कर्ता आहे, पण त्याला नेणारा कोणी नाही. दार उघडले, तसेच हे. मग सूर कोणता, असे विचारले. थोडा वेळ गेला आणि एक मुलगी चकित होऊन म्हणाली, "सर, ह्याचा सूर प्रेमळ आहे!" होय, प्रेमळच आहे. आपले भले व्हावे अशी लिहिणाऱ्याची तळमळ त्यात ओतप्रोत भरलेली आहे. "बाळ, तुझ्या घरावर कोणाची तरी नजर आहे," असे सांगणारा बुवाही प्रेमळच बोलतो. धमकी आणि माया एका वाक्यात कशी बसविली जाते, हे त्या मुलीने पाहिले. तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यावयाची मला गरज पडली नाही, आणि दिले असते तर तिने ते ऐकले असते असेही नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. शिक्षकाने भीतीची चेष्टा करू नये, आणि वाचता वाचता मध्येच थांबून "पाहा, येथे लेखकाने काय केले" असे म्हणू नये. पहिले वाचन सलग. घाबरावयाचे ते घाबरू द्यावे. पेन्सिल दुसऱ्या दिवशी. चिरफाडीने रस मरतो असे रसिक म्हणतात. दोन वाचनांत एक रात्र गेली की तो मरत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि आठवीच्या खाली छापील भयकथा मी नेत नाही.

आठवीला मी एकच काम देतो. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून भुताची एक गोष्ट ऐकावयाची आणि ती त्याच्याच शब्दांत उतरवून आणावयाची, एकही "म्हणे" न गाळता. मग वर्गात आम्ही ते "म्हणे" मोजतो. मुंजाच्या गोष्टींत ते खंडीभर निघतात, हडळीच्या गोष्टींत त्याहून थोडे कमी. गेल्या वर्षी एका मुलाने आजोबांची गोष्ट आणली. तीत एकही नव्हता. आजोबा तरुणपणी रात्री शेताला पाणी पाजावयास गेले, त्यांना चकवा लागला आणि पहाटेपर्यंत ते स्वतःच्याच शेताभोवती फिरत राहिले. उजाडल्यावर बांधावरची आपली चप्पल त्यांना दिसली. ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाही सांगितली नव्हती. मुलाने वहीत खाली सूर या शब्दापुढे प्रथम "भीती" लिहिले होते, ते खोडले होते, आणि पुढे लिहिले होते, "लाज".

अशा तीस-बत्तीस वह्या मी बरोबर आणल्या आहेत. ज्या शिक्षकबंधुभगिनींना त्या पाहावयाच्या असतील त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठापाशी यावे. फक्त त्या उद्या सकाळी मुलांना परत द्यावयाच्या आहेत.